किल्ली परत केल्यावर

सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य गेलेल्या कुटुंबाला पुढच्या पिढीला दाखवायला जुनं घर नसतं. नोकरी संपली की ठरलेल्या मुदतीत पंखे, दिवे, नळ मोजून द्यायचे, येणं-देणं बाकी नसल्याचा कागद घ्यायचा आणि किल्ली परत करायची. महिन्याभरात त्या दारावर दुसरी पाटी लागते. पुण्यात, साताऱ्यात, नागपुरात निदान ज्या गल्लीत वाडा होता ती गल्ली असते, भाऊबंदांपैकी कुणीतरी तिथे टिकून असतो. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना ती सोय नव्हती. भिंती आमच्या नव्हत्या. आमची होती ती बांधून नेता येण्याजोगी सामग्री: गाण्यांच्या वह्या, लोकरीचे स्वेटर, पत्र्याच्या ट्रंका, सणावारांच्या सवयी. पुढच्या पानांवर जे गोळा केलं आहे ते हेच. सुमारे १९५५ ते १९८५ या तीन दशकांत तिथे मराठी माणसं काय गात होती, काय नेसत होती, सकाळ-संध्याकाळ कशी काढत होती, याची ही नोंद आहे.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडा ठावठिकाणा. दक्षिण दिल्लीत सफदरजंग विमानतळाच्या खालच्या अंगाला, एका बाजूला आयएनए मार्केट आणि दुसऱ्या बाजूला सरोजिनी नगर, अशा मधल्या जागेत ही वसाहत आहे. जवळच किदवई नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर. जुने लोक या सगळ्या पट्ट्याला विनय नगर म्हणत. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारची खाती वाढली, फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा आला, आणि कारकून, असिस्टंट, सेक्शन ऑफिसर, स्टेनोग्राफर यांना छप्पर देण्यासाठी अशा वसाहती उभ्या राहिल्या. सरकारी बांधकामाचं खातं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत काकासाहेब गाडगीळांकडे होतं, अर्थखातं १९५० पासून सहा वर्षं चिंतामणराव देशमुखांकडे होतं. मंत्र्यांची नावं इतिहासात आहेत. त्यांच्या खात्यांतल्या फायली ज्या टेबलांवरून सरकत होत्या त्या टेबलांमागे बसलेली मराठी माणसं मात्र कुठेच नाहीत, आणि या संग्रहातली घरं त्यांची आहेत.

वसाहतीला राणी लक्ष्मीबाईंचं नाव आहे, याचा आम्हा मुलांना विलक्षण अभिमान वाटे. शेजारच्या पंजाबी, बंगाली, तमिळ मुलांपुढे ती आमची हक्काची होती. दर उन्हाळ्यात पंजाब मेलनं गावी जाताना आधी ग्वाल्हेर आणि मग झाशी लागे, आणि घरातलं कुणी ना कुणी मुलांना खिडकीशी बोलावून तेच सांगत असे: राणी इथे पडली, राणी इथे लढली. तांब्यांची मुलगी, काशीला जन्मलेली, झाशीला नांदलेली, ग्वाल्हेरला संपलेली. तिच्या आयुष्यातलं एकही गाव महाराष्ट्रात नाही, तरी तिच्या मराठीपणाबद्दल कुणाला शंका नाही. घरापासून दूर मराठी राहणं म्हणजे काय, हे आम्हाला त्या प्रवासात कुणी न शिकवता कळत गेलं.

गाण्यांपासून सुरुवात करायला हवी, कारण जवळजवळ प्रत्येक आठवण तिथूनच सुरू होते. त्या काळात रेडिओ ही घरातली मोठी खरेदी होती. त्याला लायसन्स लागे, पोस्टात फी भरून पुस्तकात नोंद करून घ्यावी लागे. बैठकीच्या खोलीत मर्फी किंवा फिलिप्सचा सेट, त्यावर भरतकामाचा रुमाल, आणि खिडकीपासून खांबापर्यंत जाळीची एरियल. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताची त्यांना मनापासून आस्था होती आणि हिंदी सिनेमाची गाणी आकाशवाणीला शोभत नाहीत असं त्यांचं मत होतं. परिणाम असा झाला की देशभरच्या श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि बुधवारची संध्याकाळ त्यांची झाली. केसकर मराठी, त्यांच्या मंत्रालयात काम करणारेही काही मराठी, आणि त्यांच्याच घरांत बुधवारी रात्री आठला कोलंबो लागलेलं असे. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली तेव्हा सिनेमाचं गाणं सरकारी रेडिओवर पुन्हा राजरोस आलं.

केसकरांना नावं ठेवणं सोपं आहे. मला मात्र त्यांचं दुसरं देणं मोठं वाटतं. त्यांच्या काळात आकाशवाणीनं शास्त्रीय गायक-वादकांना जो आधार दिला, त्यामुळे आमच्यासारख्या साध्या घरांत, मैफलीच्या तिकिटाला पैसे नसताना, शनिवारी रात्री उत्तम गाणं आलं. राग ओळखायची माझ्या पिढीची शाळा तीच.

मराठी गाणं मात्र दिल्लीत सहज मिळत नसे. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर माडगूळकरांची ५६ गीतं फडक्यांच्या चालींत उभा महाराष्ट्र ऐकत होता. दिल्लीत पुणे केंद्र धड लागत नसे. ते गीतरामायण आमच्याकडे आलं पाहुण्यांच्या गळ्यातून, पत्रांतून, नंतर पुस्तकातून आणि तबकड्यांतून. सुट्टीत पुण्याला गेलेली एखादी काकू चाल पाठ करून यायची आणि परतल्यावर चार घरच्या बायका तिच्याभोवती बसून ती उतरवून घ्यायच्या. चालीत थोडाफार फरक पडे, तो तसाच रुजे. लक्ष्मीबाई नगरच्या घरांत काही गाणी अजून त्या बदललेल्या चालीत म्हटली जातात, आणि मूळ ध्वनिमुद्रण ऐकल्यावरही आमच्या कानाला आमचीच चाल खरी वाटते.

गाण्यांच्या वह्यांबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही, ऑफिसातल्या निळ्या शाईत उतरवलेली. आधी आरत्या, मग भावगीतं, मग मंगळागौरीची गाणी, पाळणे, आणि शेवटच्या पानांवर उलट्या बाजूनं हिंदी सिनेमातली गाणी. रेडिओवर गाणं लागलं की एकीनं पहिली ओळ लिहायची, दुसरीनं दुसरी, तेव्हा कुठे कडवं पुरं होई. ज्या शब्दाचा पत्ता लागला नाही तिथे रिकामी जागा सोडलेली असे आणि कधी वर्षभरानं वेगळ्या शाईत ती भरलेली दिसे. या वह्या सासरी गेल्या, बदल्यांबरोबर फिरल्या, काही रद्दीत गेल्या. ज्या उरल्या त्यांतून त्या घरात कोणकोणत्या प्रांतांतून गाणी आली हे कळतं, कारण शेजारणीची बंगाली किंवा पंजाबी गाणीही देवनागरीत लिहून घेतलेली आहेत. मला या वह्या कुठल्याही छापील संग्रहापेक्षा मोलाच्या वाटतात.

दूरदर्शनच्या बाबतीत आम्ही पुढे होतो. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं आणि १९६५ पासून रोजचं. मुंबईला केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ला. त्यामुळे साठीच्या दशकाच्या अखेरीस गिरगावातून किंवा दादरहून आलेली मावसभावंडं आमच्याकडे टीव्ही पाहून थक्क होत. अर्थात घरोघरी संच नव्हता. ब्लॉकमध्ये ज्यांच्याकडे असे त्यांच्या बैठकीत सतरंज्या पडत. कृषिदर्शनमधली खतांची माहितीही लोक निमूटपणे पाहत, कारण त्यानंतर काय लागेल याची उत्सुकता असे. चित्रहारच्या दिवशी जागा धरावी लागे. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले सिनेमे दाखवू लागले तेव्हा मराठीची पाळी कधी येते याकडे डोळे लागलेले असत. पाळी आली की शेजारच्या सरदारजींच्या घरापासून खालच्या तमिळ घरापर्यंत सगळ्यांना आमंत्रण जाई. ते इंग्रजी ओळी वाचत पाहत आणि आम्ही मधूनमधून समजावून सांगत असू.

आता कपडे. या विषयात दिल्लीची थंडी सगळ्यांत आधी येते, कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तिची कल्पनाच नसते. पहिल्या वर्षी अनेकांनी दोन-दोन सदरे एकावर एक घालून डिसेंबर काढला. मग शेजारची पंजाबी बाई मदतीला आली. लाहोर, रावळपिंडी, लायलपूर सोडून आलेल्या त्या बायकांच्या हातांत विणकाम होतं. दुपारी पुरुष ऑफिसात आणि मुलं शाळेत गेली की हिरवळीवर खाटा टाकून, पाठीवर ऊन घेत, त्या सुया चालवत, आणि त्यांच्याकडूनच आमच्या आया, काकवा शिकल्या. घरात नऊवारी नेसणारी आजी, सहावारी नेसणारी आई आणि दोघींच्या अंगावर शेजारणीच्या नमुन्याचा कार्डिगन, हे दृश्य त्या वसाहतीत नेहमीचं होतं.

स्वेटर कधी फेकला जात नसे. मोठ्या मुलाला आखूड झाला की उसवायचा, लोकरीला उकळत्या पाण्याची वाफ द्यायची म्हणजे ती सरळ होते, लच्छ्या करून धुवायच्या, वाळवायच्या आणि त्यात नव्या रंगाची एक लच्छी घालून धाकट्यासाठी पुन्हा विणायचा. म्हणून त्या काळातल्या फोटोंत धाकट्यांच्या स्वेटरवर छातीशी किंवा बाह्यांवर पट्टे दिसतात. ते पट्टे हौसेचे नव्हते, जुनी लोकर पुरत नसे म्हणून आलेले होते. १९६२च्या चीनच्या युद्धात याच सुयांवर जवानांसाठी स्वेटर आणि मफलर विणले गेले. बायकांनी बांगड्या, मंगळसूत्राच्या वाट्या संरक्षण निधीला दिल्या. पुढे १९६५ आणि १९७१ला काचांवर काळे कागद चिकटले, हिरवळींवर खंदक खणले गेले, आणि मुलांनी त्या खंदकांत उड्या मारल्या.

संक्रांत दिल्लीत ऐन कडाक्यात येते. आदल्या रात्री शेजारी लोहडीची शेकोटी पेटवत, रेवड्या, शेंगदाणे, गजक वाटत, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडून तिळगूळ जाई. हळदीकुंकवाला नेसलेली काळी चंद्रकळा शालीखाली झाकून जाई, म्हणून शाल घरात शिरतानाच उतरवायची आणि कुडकुडत बसायचं, असा दंडक काही घरांत होता. हलव्याचे दागिने घातलेल्या तान्ह्या बाळांना आतून लोकरीचं टोपरं. तिळगुळासाठी तीळ कुठलेही चालत, पण चिक्कीचा गूळ गावाहूनच यावा लागे, आणि ज्या घरी तो आला असेल त्या घराची चौकशी सगळे करत.

पुरुषांच्या कपड्यांत बदल हळू झाला. पन्नाशीत खाकी किंवा सुती पँट, बुशशर्ट, हिवाळ्यात एकच बंद गळ्याचा कोट, तोही लग्नात शिवलेला. मग टेरिलिन आलं, मग टेरिकॉट. घडी न मोडणारा शर्ट मिळाला म्हणून बायका खूष झाल्या, कारण इस्त्रीचे पैसे वाचत. दिल्लीच्या उन्हाळ्यात मात्र ते कापड अंगाला चिकटून जीव नको करी, तरी कित्येक वर्षं ऑफिसात सुती शर्ट घालणं मागासपणाचं मानलं गेलं. सत्तरीत पोरांनी बेलबॉटम शिवले. तेव्हा सरोजिनी नगरचा बाजार आजच्यासारखा देशभर गाजलेला नव्हता. तो पगाराच्या आठवड्यात भरणारा, भाजी, लोकर, पडद्याचं कापड आणि बुटांचा, आपल्या वसाहतींपुरता बाजार होता. निर्यातीतून उरलेल्या कपड्यांनी त्याला प्रसिद्धी दिली ती पुढे.

स्वयंपाकघराबद्दल या संग्रहात पुष्कळ आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९५९ला दिल्ली दूध योजना सुरू झाली. पहाटे कार्ड घेऊन बूथवर रांग, जाड काचेच्या बाटल्या, त्यांवर पातळ पत्र्याची टोपणं. ती टोपणं धुऊन, ओवून गणपतीची आरास करण्याचा उद्योग प्रत्येक घरात चाले. नारळ, कढीपत्ता आणि मासे आयएनए मार्केटात मिळत, म्हणून कोकणातल्या माणसाला ही वसाहत दिल्लीतल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा आपली वाटे. गोडा मसाला, भाजणी, आमसुलं मात्र ट्रंकेतून येत. परतीच्या प्रवासात त्या ट्रंकेचा वास पूर्ण डब्यात पसरे.

मराठी जग शहरभर विखुरलेलं होतं. पहाडगंजला नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन, लोदी रोडला वनिता समाज. लक्ष्मीबाई नगरातून पहाडगंज म्हणजे बसचा लांबचा प्रवास, तेव्हा बहुतेक मुलं जवळच्या सरकारी शाळांत हिंदीतून शिकली. त्यांतले काही वर्ग तंबूंत भरत. घरी मराठी, बाहेर हिंदी, बापाच्या ऑफिसात इंग्रजी. वर्तमानपत्र दोन दिवस शिळं येई आणि त्यातल्या अग्रलेखावर ताज्यासारखी चर्चा होई. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन भरलं होतं, त्याच्या गोष्टी आमच्या लहानपणी मोठी माणसं सांगत. त्यानंतर थेट २०२५च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर, तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा या शहरात आलं. त्या तीन दिवसांत पांढऱ्या केसांची कितीतरी माणसं एकमेकांना नावानं ओळखण्याआधी ब्लॉकच्या नंबरानं ओळखत होती.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ते सगळे दिवस गोड होते. तसं मी लिहू शकत नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिरा गांधींची हत्या झाली, त्यांना ज्या एम्समध्ये नेलं ते आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या संध्याकाळी शिखांवरचे पहिले हल्ले याच परिसरात झाले. ज्यांच्या घरच्या लोहडीची रेवडी आम्ही खाल्ली, ज्यांच्या बायकांनी आमच्या आयांच्या हातात सुया दिल्या, त्यांना नंतरचे तीन दिवस दारं लावून, काहींना दुसऱ्यांच्या घरात लपून काढावे लागले. काही शेजाऱ्यांनी त्यांना जपलं. काहींनी खिडकी लावून घेतली. जुन्या दिवसांची गाणी गाणाऱ्यानं हे वगळलं तर त्याच्या बाकीच्या आठवणींवरही मी विश्वास ठेवणार नाही. या संग्रहाला मी होकार दिला तो त्यात हे आहे म्हणून.

आणखी एक गोष्ट आठवणी लिहिणाऱ्यांना, विशेषतः माझ्या वयाच्या पुरुषांना, सांगायची आहे. आपण स्वेटर आठवतो, विणणारीचे दुखरे खांदे आठवत नाही. कोळशाच्या शेगडीवरची भाकरी आठवतो, ती शेगडी पहाटे साडेचारला बाहेर नेऊन पेटवणारीचा खोकला आठवत नाही. पाण्याची वेळ ठरलेली, बादल्या भरून ठेवायच्या, दहा माणसांचं धुणं हातानं, शिवाय गावाहून नोकरीच्या शोधात आलेला दीर किंवा भाचा बाहेरच्या खोलीत वर्षभर मुक्कामाला. दोन खोल्यांच्या त्या घरांची ऊब ज्यांच्या कष्टांवर होती त्यांनी स्वतः फार कमी लिहून ठेवलं. त्यांच्या मुलींनी आणि सुनांनी सांगितलेलं या संग्रहात जितकं आलं तितकं आलं. सफाई करणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, हिवाळ्याच्या तोंडावर रजया पिंजायला येणाऱ्या माणसांचा आवाज तर अजिबात नाही. ती उणीव पुढच्या कामात भरून निघावी अशी माझी संपादकांकडे मागणी आहे.

हे काम आत्ताच करायला हवं याला कारण आहे. २०१६ साली केंद्र सरकारनं दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्यानं बांधायला मंजुरी दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर त्यांत आहेत. पूर्व किदवई नगरात त्याआधीच काम सुरू झालं होतं, आज तिथे बहुमजली इमारती आहेत. २०१८च्या उन्हाळ्यात झाडं तोडण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि उच्च न्यायालयानं तोड थांबवली. ज्या कडुनिंबांची कोवळी पानं आम्ही गुढीसाठी आणि पाडव्याच्या चटणीसाठी काढत होतो, तीच ही झाडं. नव्या घरांची गरज मला मान्य आहे. सरकारी नोकरांना वर्षानुवर्षं घराची वाट पाहावी लागते, आणि जुन्या घरांच्या छतांतून पाणी झिरपत होतं हेही खरं. पण पाडण्यापूर्वी त्या घरांचे नकाशे, अंगणं, जिने यांची नोंद व्हायला हवी होती, आणि ती नीट झालेली मला दिसत नाही.

वाचकांना एवढंच सांगेन की हा संग्रह क्रमानं वाचायची गरज नाही. सालवार मांडणी संपादकांनी मुद्दाम टाळली आहे आणि ऋतूंप्रमाणे भाग केले आहेत, कारण दिल्लीत राहिलेल्या माणसाला साल आठवत नाही, पण लू कधी सुरू झाली आणि रजई कधी बाहेर निघाली हे अचूक आठवतं. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी हिवाळ्याचा भाग आधी घ्यावा. गाण्यांत रस असलेल्यांनी शेवटी दिलेली वह्यांची यादी पाहावी, आणि आपल्या घरात अशी वही असेल तर तिच्या पहिल्या पानावर ती कुणाची, कुठल्या ब्लॉकमधली आणि कोणत्या वर्षापासूनची, हे आज रात्रीच लिहून ठेवावं.